सरकलेली सुट्टी

“सर, तुमच्या कंपनीत माझ्या बाबांशिवाय दुसरा एखादा पायलट आहे का?”

प्रश्न विमानांच्या त्या मोठ्या हँगरभर घुमला आणि तिथली सगळी डोकी वळली. पैज संघातल्या चष्मिसने लावली होती. बसमध्येच ती म्हणाली होती, “रोज डब्याच्या सुट्टीत आमचे कान किटवतेस ना त्या कंपनीच्या नावाने? मग आज त्यांच्या मालकासमोर विचारून दाखव. नाही विचारलंस तर स्पर्धेला जाताना सगळ्या संघाच्या बॅगा तू उचलायच्या.”

वर्षभरापूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर विचारणारीने मुकाट्याने बॅगा उचलल्या असत्या. तेव्हा वर्गात तिला सगळे घुमी म्हणायचे. मग शाळेच्या व्हॉलीबॉलच्या सरांनी तिचे हात पाहिले, तिला संघात घेतलं, आणि एक दिवस बजावलं, की मैदानात जी ओरडत नाही ती माझ्या संघात खेळत नाही. ती ओरडली. स्वतःचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली, आणि मग तिला तो इतका आवडला की तिने तो परत आत ठेवलाच नाही. आता ती संघाची कॅप्टन होती आणि तिचं नाव भोंगा पडलं होतं.

तर भोंगा विचारून मोकळी झाली. शाळेने नववी-दहावीच्या मुलांना “लोक काम कसं करतात” ते दाखवायला या विमान कंपनीत आणलं होतं. कंपनी काही तिकिटं काढून जायच्या विमानांची नव्हती. ज्यांना वेळ नसतो आणि ऐपत असते, अशा लोकांना ती छोट्या विमानांतून हव्या त्या वेळी हव्या त्या गावी नेऊन सोडायची. भोंग्याचे बाबा तिथे कॅप्टन होते. आणि कोणत्या पायलटने कोणत्या दिवशी कोणतं विमान न्यायचं, त्या ड्यूट्या भोंग्याची आई लावायची.

मोठे साहेब आधी गोंधळले, मग दिलखुलास हसले. “कोण गं तू? अच्छा, आमच्या कॅप्टनसाहेबांची लेक. आवाज चांगला आहे. अगं, पायलट किती म्हणून सांगू? वर्षभरात आम्ही माणसं दुपटीने वाढवली. ते बघ.”

भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. त्यात विमानाच्या शिडीवर उभे राहून पांढऱ्या शर्टातली पोरं-पोरी दात दाखवत होती. खाली लिहिलं होतं, “आमचं कुटुंब वाढतंय.” त्यातल्या डावीकडच्या दोघांना नोकरी सोडून दोन महिने झाले होते, हे भोंग्याला माहीत होतं. कारण ज्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली त्या दिवशी बाबा त्यांच्याऐवजी उड्डाणाला गेले होते.

“या माझ्याबरोबर,” म्हणत साहेबांनी सगळ्या वर्गाला काचेच्या खोलीपाशी नेलं. आत भिंतभर पडदा होता आणि त्यावर चौकोनच चौकोन. साहेब समजावून सांगू लागले. प्रत्येक चौकोन म्हणजे एक उड्डाण. त्यात कॅप्टन आणि को-पायलट अशी दोघांची नावं पडली की चौकोन हिरवा. कोणी मिळालं नाही तर लाल. “मी रोज सकाळी येतो, पाच मिनिटं इथे उभा राहतो. बाकी कागद मी बघत नाही. सांगा पाहू, कुठे लाल दिसतंय?”

कुठेच दिसत नव्हतं. सगळा पडदा नुकत्याच कापलेल्या हिरवळीसारखा.

“म्हणजे माणसं पुरेशी आहेत,” साहेब म्हणाले, “आणि म्हणूनच पुढच्या महिन्यात आमच्याकडे आणखी एक विमान येतंय.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाच्या बाईंनी जरा जास्तच वाजवल्या. चष्मिस मात्र चष्मा वर सरकवत पडद्याकडे बघत होती. चौकोनांत नावाऐवजी प्रत्येकाची तीन अक्षरं होती. “ए,” ती भोंग्याच्या कानात म्हणाली, “तुझ्या बाबांची अक्षरं पाढ्यातल्या शून्यासारखी सारखी सारखी येतायत.”

भोंगा पडद्याकडे नव्हे, आईकडे बघत होती. काचेपलीकडे एक चाक तुटलेल्या खुर्चीवर तिरकी बसून आई कीबोर्डकडे टक लावून बघत होती, जणू त्यातलं एखादं बटण पळून जाणार आहे.

संध्याकाळी गाडीत आईने पहिल्या सिग्नलपर्यंत दम धरला.

“लाज नाही वाटली तुला?”

“वाटली. पण विचारून झाल्यावर.”

“अख्ख्या ऑफिससमोर, अख्ख्या शाळेसमोर.”

“आई, साहेब चिडले नाहीत. हसले की.”

“साहेब हसले की दुसऱ्या दिवशी मला जास्त काम असतं,” आई म्हणाली आणि गिअर असा टाकला की मागच्या सीटवर पिटुकलीच्या हातातला पेरू उडून खाली पडला. पिटुकली म्हणजे भोंग्याची धाकटी बहीण. पहिलीत होती आणि तिला एकटीला घरात ठेवणं म्हणजे मांजराच्या हाती दुधाचं पातेलं देण्यासारखं होतं. मागच्या वेळी दहा मिनिटं एकटी राहिली, तर तिने टीव्हीला आंघोळ घातली होती.

“मी खोटं विचारलं का?” भोंगा म्हणाली.

“खरं-खोट्याचा प्रश्न नाही. तुला आता बोलता येतं म्हणून जे जे मनात येईल ते बोलायचं असं नसतं. मला तिथे तोंड दाखवायचंय रोज.”

“पण या वेळी बाबांची सुट्टी नक्की ना?”

“मंजूर आहे, मंजूर आहे, किती वेळा सांगू.”

त्या सुट्टीवर भोंग्याचं सगळं काही अवलंबून होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिचा संघ आठवडाभराच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. शाळेचा संघ इतक्या वर पहिल्यांदाच पोचला होता. आईच्या शेजारच्या टेबलावरची बाई मध्येच नोकरी सोडून गेल्यामुळे आईला सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्या कराव्या लागत होत्या, तेव्हा तो आठवडा पिटुकलीला बाबा सांभाळणार असं केव्हाच ठरलं होतं. बाबांनी सुट्टी मागितली, आईनेच ती लावली, सही झाली. बाबांच्या सुट्ट्या रद्द कधीच व्हायच्या नाहीत. त्या फक्त सरकायच्या. मंगळवारची गुरुवारी, गुरुवारची पुढच्या आठवड्यात. एकदा पिटुकलीने विचारलं होतं की बाबांची सुट्टी सरकून सरकून जाते कुठे, पलंगाखाली का? आणि खरंच वाकून बघितलं होतं.

बाबा आले तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. विमान उतरल्या उतरल्या तिघांनी सांगितलं म्हणे. ते दारातच टोपी काढून हसायला लागले. “काय गं, माझी नोकरी घालवतेस काय? माझ्याशिवाय दुसरा पायलट आहे का म्हणे. आहेत की, ढीगभर आहेत.”

“मग ते कुठे असतात?”

“शिकतात,” बाबा म्हणाले आणि बूट काढायला बसले.

“आणि माझी स्पर्धा?”

“या वेळी प्रत्यक्ष ब्रह्मदेव जरी आला ना, तरी सांगेन, बाबा रे, दुसरं विमान बघ. पिटुकली आणि मी. आम्ही दोघं मिळून घर जाळू, पण एकत्र जाळू.” एवढं बोलून ते थांबले. पुढचा विनोद येईल म्हणून भोंगा वाट बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की बाबा एक मोजा हातात धरून बसल्या जागी झोपले होते.

बुधवारी दुपारी सरावाहून ती घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची तिला मुभा होती, म्हणजे ऑफिसातला वैताग घरी आणायची मुभा होती. पिटुकली टेबलाखाली बसून रंगीत खडूंची शाळा भरवत होती. भोंग्याने कपडेही न बदलता तव्यावर अंडं फोडलं आणि कान टेबलाकडे लावले, कारण आईच्या फोनचा स्पीकर चालू होता आणि त्यातून येणारा आवाज भरतीवाल्या मॅडमचा होता.

माणसं नेमायचं काम या मॅडमचं. नवीन माणूस आला की त्याला शिडीवर उभं करून फोटो काढायचा आणि केक कापायचा, हे त्यांनी न चुकता चालवलं होतं. “उद्या सकाळी जरा लवकर ये हं,” त्या सांगत होत्या. “नवी तुकडी रुजू होतेय. साहेबांना सगळे केकच्या वेळी हवेत.”

“त्यातलं कोणी शनिवारी उडेल का?” आईने विचारलं.

“अगं, उडायचं काय घेऊन बसलीस. अजून त्यांचे युनिफॉर्मसुद्धा शिवून यायचेत.”

“मला शनिवारी एक कॅप्टन हवाय. तीन दिवसांचा दौरा आहे. ज्यांची ड्यूटी होती त्यांना साहेबांनी नव्या पोरांना शिकवायला काढून घेतलंय. आज सकाळी, मला न विचारता.”

“मग? नव्यांना शिकवायला जुनेच लागणार ना. नवीन विमान येतंय, पोरं तयार नकोत? वाढ म्हटली की थोडं असं चालायचंच. बरं, केक चॉकलेटचा आणू की फळांचा?”

आईने फोन ठेवला आणि कपाळ दोन बोटांनी दाबलं. मग पुढचा नंबर लावला. हे कॅप्टन भोंग्याला चांगले ठाऊक होते. त्यांची पाठ रविवार ते शुक्रवार ठणठणीत असायची आणि शनिवारी उसण भरायची.

“वहिनी, तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही असं झालंय का कधी? पण काल खुर्चीवरून उठलो आणि कळच आली बघा.”

“आज बुधवार आहे.”

“हो, पण शनिवारपर्यंत वाढेल असं दिसतंय.”

पुढचे कॅप्टन म्हणजे साडूवाले. त्यांच्या साडूचं नेहमी काहीतरी असायचं. साडू घर बदलायचा, साडूचं ऑपरेशन व्हायचं, साडू परदेशातून यायचा, साडू परदेशात जायचा. या खेपेला साडूच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि काका म्हणून यांनी हजर असणं भाग होतं.

“तुम्ही काका कसे? मावशीचे यजमान ना तुम्ही,” आई वैतागून म्हणाली.

“तेच तर. मावशीच्या यजमानाला फार बघावं लागतं हो.”

शेवटी आईने एका नव्या पायलटला फोन लावला. पोरगा इतका गुणी, की त्याने पहिल्या घंटेला उचलला. “मी तयार आहे, मॅडम. आता निघू का?”

“तुझ्या शिकण्याच्या फेऱ्या झाल्या?”

“नाही, मॅडम. शेजारी बसायला शिकवणारे कॅप्टनच मिळत नाहीयेत. पण मला यायला खूप आवडेल.”

“ठेव फोन, बाळा,” आई म्हणाली.

तव्यावरचं अंडं करपायला लागलं. भोंग्याने गॅस बंद केला आणि ताटली घेऊन वळली. लॅपटॉपवर सगळ्या हिरवळीत एकच चौकोन लालभडक होता. आई त्याच्याकडे बघत बसली. पिटुकलीने टेबलाखालून हजेरी घेतली, “सगळे आले का? हजर.” आईने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, पण भोंगा तिच्या पाठीमागे उभी आहे हे तिला कळलं नाही. तिने तीन अक्षरं टाइप केली. चौकोन हिरवा झाला. आईने इतका मोठा श्वास सोडला, जणू काही इतका वेळ ती पाण्याखाली होती.

“आई, ते बाबा आहेत.”

आई दचकली. “तू कधी आलीस मागे?”

“बाबांची सुट्टी आहे शनिवारी. मंजूर आहे, मंजूर आहे, किती वेळा सांगू, असं तूच म्हणालीस.”

“सुट्टी जात नाहीये. मंगळवारपासून—”

“सरकतेय.”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. त्यांच्यात कोणी पायलट असेल तर बरंच होईल.” भोंग्याने ताटली टेबलावर आपटली. “तू आणखी कोणाला फोन का नाही केलास? अजून कितीतरी जण आहेत.”

“करून काय होणार? सगळ्यांची उत्तरं मला पाठ आहेत. एकाची पाठ, एकाचा साडू. दोन तास घालवायचे आणि मग पुन्हा तुझ्या बाबांचंच नाव टाकायचं. त्यापेक्षा आधीच टाकलेलं काय वाईट?”

“बाबा नाही म्हणू शकत नाहीत म्हणून ना?”

“ते नाही म्हणत नाहीत,” आई म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला. “आणि मी या खुर्चीवर बसले ना, तेव्हा लोक काय म्हणाले माहितीये? आता काय, घरचीच बाई ड्यूट्या लावणार, नवऱ्याला सकाळी नेऊन संध्याकाळी घरी सोडणारी विमानं, आणि आपल्याला पहाटेची. तोंडावर नाही म्हणाले, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. मी म्हटलं, बघा मग. सगळ्यात अडचणीची ड्यूटी आली की मी आधी यांचंच नाव टाकायचे. महिनाभरात सगळ्यांची तोंडं बंद झाली.”

“आणि नंतर?”

“नंतर सवय झाली.”

भोंगा खुर्ची ओढून बसली. रागाने तिचे कान गरम झाले होते, पण डोकं मात्र सामन्यात चालतं तसं भराभर चालत होतं. “म्हणजे काल साहेबांनी आम्हाला दाखवलं ना, की बघा कुठे लाल नाही, माणसं पुरेशी आहेत, ते सगळं तू आणि बाबांनी केलेलं आहे. ते रोज सकाळी पाच मिनिटं उभे राहून बाबांकडेच बघतात. आणि त्यांना वाटतं आपल्याकडे भरपूर पायलट आहेत, म्हणून आणखी विमान घेतात. मग नवी पोरं येतात, मग त्यांना शिकवायला जुने जातात, मग पुन्हा लाल होतं, मग तू पुन्हा बाबांना टाकतेस.”

“तुला वाटतं मला हे कळत नाही?”

“मग लाल राहू दे ना एकदा.”

“राहू दे म्हणायला काय जातंय तुझं. लाल राहिलं तर पहिला फोन मला येणार. गिऱ्हाइकाला नाही कोण सांगणार? मी. साहेब कोणाला विचारणार, की तू काय करत होतीस? मलाच. चौकोन लाल असला तर तो माझा दोष, हिरवा असला तर साहेबांचं यश. असं आहे ते.” आईने लॅपटॉप मिटला. “आणि तू खा आधी. गार होतंय.”

“ते पिटुकलीचं आहे.”

“मला करपलेलं नको,” टेबलाखालून आवाज आला.

बाबा आले ते दिवेलागणीला. आईने त्यांना दारातच सांगितलं असावं, कारण ते आत आले ते समजूतदार चेहरा घालूनच. हा चेहरा भोंग्याला युनिफॉर्मपेक्षा ओळखीचा होता.

“जाऊ दे गं,” ते आईला म्हणाले, “तीन दिवसांचंच तर आहे. मी करतो.”

“बाबा, तुम्ही ब्रह्मदेवालासुद्धा नाही म्हणणार होतात.”

“ब्रह्मदेवाला म्हटलं असतं गं. तुझ्या आईला कसं म्हणू?” ते हसले. कोणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनीही आवरतं घेतलं. “हे बघ, मी नाही गेलो तर विमान जमिनीवर राहतं. कोणीतरी करायलाच हवं ना. आणि नियमात बसतंय, बरोबर तेवढी विश्रांती मिळतेय. नियमाबाहेरचं तो कॉम्प्युटर घेतच नाही.”

“नियमात तुम्ही बसता, बाबा. घरात नाही बसत.”

हे तिला बोलायचं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. बाबांना मनातून कुठेतरी हे आवडतं, आपल्यावाचून अडतं याचा त्यांना अभिमान वाटतो, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग आला. साडूवाले आणि पाठदुखीवाले परवडले. ते निदान सरळ थापा मारत होते.

मग आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे बघितलं, आणि दोघांनी एकदम भोंग्याकडे बघितलं.

“हे बघ बाळा,” आई अगदी मऊ आवाजात म्हणाली. “तू समजूतदार आहेस.”

झालं. या शब्दानंतर भोंग्याच्या वाट्याला कधीच काही चांगलं आलेलं नव्हतं. समजूतदार आहेस, तर सहलीऐवजी पिटुकलीच्या तापापाशी बस. समजूतदार आहेस, तर वाढदिवस पुढच्या रविवारी करू.

“सरांशी मी बोलते हवं तर,” आई पुढे म्हणाली. “राखीव खेळाडू असतातच ना. पुढच्या वर्षी आहेच की स्पर्धा. आणि मी लिहून देते, तेव्हा तू शंभर टक्के जाशील.”

भोंगा काहीच बोलली नाही. तिने पिटुकलीचा हात धरला आणि तिला दात घासायला घेऊन गेली. आई-बाबांना वाटलं, पटलं. घुमी असताना ती अशीच पटायची.

गुरुवारी सराव संपला तेव्हा बाकीच्या मुली जाळं सोडवत होत्या आणि शुक्रवारच्या बसमध्ये खिडकी कोणाला यावरून हाणामाऱ्या चालल्या होत्या. चष्मिस तर आत्तापासूनच उलटीच्या गोळ्या वाटत होती. भोंगा सरांपाशी जाऊन उभी राहिली. सर फुगवलेले चेंडू एकेक करून पिशवीत भरत होते.

“बोल, कॅप्टन.”

घरून निघताना तिने वाक्य जुळवून आणलं होतं. ती म्हणाली, “जाऊ द्या सर, या वेळी मी—”

आणि थांबली. तो आवाज तिचा नव्हता. शब्द बाबांचे होते, सूर बाबांचा होता, खांदे उडवायची लकबसुद्धा. तिने मनाशी पुढचं वाक्य म्हणून पाहिलं. कोणीतरी करायलाच हवं ना. ते इतकं सहज आलं की तिच्या अंगावर काटाच आला. आईला नड पडली की आई बाबांना टाकते. बाबा गेले की घरात भगदाड पडतं, आणि तिथे दोघं मिळून भोंग्याला टाकतात. वर कोणाला काही दिसत नाही. सगळं कसं हिरवंगार. आणि आज ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती, स्वतःच्या हाताने आपली तीन अक्षरं भरायला.

“या वेळी काय?” सरांनी विचारलं.

“काही नाही सर. चेंडू एक जादा घ्या. आपला तो लाल पट्ट्यांचा हवा सोडतोय.”

“घेतलाय,” सर म्हणाले. “उद्या वेळेवर ये.”

ती घरी चालतच गेली, बस न पकडता. वाटेभर ती स्वतःशी भांडत होती. आपण गेलो आणि पिटुकलीला काही झालं तर? आईला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं तर? बाबांना विमानातून उतरवून घरी बसवलं तर साहेब काय म्हणतील? मग हळूहळू तिला समजलं, की यातला एकही प्रश्न तिला विचारलेला नव्हता. ते तिने आपणहून उचलून पिशवीत भरले होते.

घरी बाबांची छोटी चाकाची बॅग दारापाशी उभी होती, शनिवारसाठी. आई केक खाऊन आली होती, फळांचा, आणि त्यामुळे अधिकच चिडलेली होती. नव्या तुकडीतल्या एकाने केक खाता खाताच मोठ्या कंपनीचं बोलावणं आल्याचं सांगितलं होतं म्हणे, आणि भरतीवाल्या मॅडमने त्याचा फोटो आधीच छापायला पाठवला होता. बाबा ते ऐकून पोट धरून हसत होते. पिटुकली भाताचे डोंगर करत होती.

“बोललीस का सरांशी?” आईने वाढता वाढता विचारलं.

“बोलले.”

“काय म्हणाले?”

“उद्या वेळेवर ये म्हणाले.”

आईचा डाव ताटावरच थांबला. बाबा हसायचे थांबले.

“अगं, पण काल आपलं ठरलं ना?”

“तुमचं ठरलं. मी गप्प बसले होते.” भोंगा उभी राहिली. तिचा आवाज मैदानातला होता, भरदार, आणि ती ओरडतही नव्हती. “मी कालपासून विचार करतेय. मी विचारायला उभी राहिलेली नाही, सांगायला राहिलेय. आई, तुला ड्यूटीला माणूस मिळत नाही ते मला कळतं. बाबा, तुम्ही नाही गेलात तर विमान जमिनीवर राहील, तेही कळतं. राहू दे ते जमिनीवर किंवा उडू दे, ते तुम्ही दोघांनी आणि साहेबांनी बघायचं. पिटुकलीपाशी कोण राहणार तेही तुम्हीच बघायचं, आई तू, बाबा तुम्ही, नाहीतर फोन करून कोणालातरी बोलवा, आणि तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला करा. जिथे माणूस नाही तिथे आजपासून माझं नाव टाकायचं नाही. मी उद्या संध्याकाळच्या बसने स्पर्धेला जातेय, आणि पूर्ण आठवडा खेळून मगच घरी येणार आहे.”